तपकीर गल्लीतलं दुकान, जिथे आमची यादी अर्धी झाली

थर्ड इयर ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), चौघांचा ग्रुप, मिनी प्रोजेक्ट. दृष्टिहीन मुलांसाठी महाराष्ट्राचा उठावाचा नकाशा, १२ किल्ले; बोट टेकवलं की तो किल्ला बोलायला लागणार. यादी आदल्या रात्री हॉस्टेलवर ठरली आणि सकाळी आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेत.

दुकान शटरएवढंच रुंद. मागे भिंतभर प्लास्टिकचे खण आणि प्रत्येकावर आतल्या मालाचा एकेक नमुना सेलोटेपने चिकटवलेला. काउंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचली. अर्डुइनो युनो (प्रोजेक्ट चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) २ नग, टच सेन्सर १२, ब्लूटूथ, १६×२ एलसीडी...

"हे वापरणार कोण?"
"दृष्टिहीन मुलं."
"मग एलसीडी कोणाला दाखवताय?"

चौघंही गप्प. खरं सांगायचं तर एलसीडी परीक्षकांसाठी होता. काकांनी त्यावर काट मारली, ब्लूटूथवरही मारली. १२ सुट्या सेन्सरच्या जागी एमपीआर१२१ची एक पट्टी काढून दिली: १२ स्पर्शबिंदू, आणि युनोकडे सिग्नलच्या दोनच तारा. "पण ही ३.३ व्होल्टवर चालते आणि तुमचा युनो ५ वर," म्हणत दोघांचे व्होल्ट जुळवणारा एक लेव्हल शिफ्टरही ठेवला. आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी हा छोटा एमपी३ प्लेअर, ३ वॉटचा स्पीकर, आणि खरखर नको म्हणून प्लेअरच्या आरएक्स (सिग्नल घेणाऱ्या) पिनच्या वाटेत लावायला १ किलोओहमचा रेझिस्टर. तांब्याची चिकटपट्टी आम्ही मागितलीच नव्हती, ती त्यांनी आठवणीने दिली. बिल दीड हजाराच्या आसपास. आमच्या यादीने तीन हजार सहज ओलांडले असते.

"सोल्डरिंग कोणाला येतं?" यावर आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. ज्याने नजर चुकवली नाही त्याच्या हातात सोल्डरची गुंडाळी आली. काम वाटायला गाइडने दिलेला तक्ता अजून कोराच होता, इथे पहिलं नाव पडलं! सोलापूरच्या मित्राने दिवाळीत मातीचे किल्ले केलेले, म्हणून उठाव त्याच्याकडे. रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं, कारण मी सर्वांत जास्त बोलते.

निघताना काका म्हणाले, "आधी एका किल्ल्याला बोलतं करा रे. बाराचं मग बघू."

आम्ही अर्थातच बाराही एकदम जोडले. राजगडाला हात लावला तर सिंधुदुर्ग बोलला. दोन संध्याकाळी वायरिंग उसकटून झाल्यावर कळलं, वायरिंग बरोबरच होतं. डीएफप्लेअरला आम्ही दिलेली कमांड आवाजाच्या फायलींची नावं बघतच नाही. मेमरी कार्डावर त्या ज्या क्रमाने कॉपी झाल्या, तो क्रम धरते. एमपी३ नावाच्या फोल्डरमध्ये ०००१, ०००२ असे आकडे देऊन ठेवल्या, कमांड बदलली, तेव्हा राजगड राजगडावर आला. एकाच किल्ल्यावर थांबलो असतो तरी ही चूक दिसली नसती म्हणा, पण निदान १२ तारा उपटल्या नसत्या. आणखी एक, आमच्या अनुभवाचं: नकाशा चालू करताना त्यावर हात ठेवू नका. एमपीआर१२१ची पट्टी सुरुवातीलाच आधाररेषा (स्पर्श नसतानाची पातळी) ठरवते आणि तुमचा हातही त्यात धरून बसते.

आता तक्रारी. होलसेलवाला आला की आपण काउंटरच्या कडेला. आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि कॉलेजला तेच लागतं, त्यासाठी मला परत हेलपाटा पडला. घेतलेला माल परत नाही. काउंटरवर तपासून देतात, पण ते आपण म्हणायला हवं. जंपर वायरी ऑनलाइन स्वस्त पडल्या असत्या.

गाडी नेऊ नका, अप्पा बळवंत चौकात उतरून चालत जा. मला पुढच्या आठवड्यात जायचंच आहे. एका शाळेतल्या मुलांनी नकाशा वापरून बघितला आणि स्पीकरचा आवाज वर्गात पुरत नाही म्हणाली. यादीत या वेळी एकच ओळ आहे, तीही काका बदलतील.