कर भरताना उकळलेले ‘सुविधा शुल्क’

मार्च 2025 मध्ये आगाऊ आयकराचा शेवटचा हप्ता भरताना माझ्याकडून सुविधा शुल्काच्या नावाखाली 3,101 रुपये उकळण्यात आले. त्यांतला एकही रुपया सरकारजमा झाला नाही आणि तो मागण्याचा अधिकारही मागणाऱ्याला नव्हता. रक्कम फार मोठी नाही, पण ऑनलाइन भरण्यावर थोडेफार शुल्क लागतेच, अशी आता सर्वांची सवय झालेली असल्याने ही लबाडी सहज खपून जाते, म्हणून ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

माझे विवरणपत्र भरून देणाऱ्या सल्लागारांनी 13 मार्चला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. मुदत 15 तारखेची आहे, पोर्टलवर गर्दी आहे, तुम्ही येथून पैसे भरा, चलन मी पाठवतो, असे त्यांनी कळवले. उघडलेल्या पानावर ‘आयकर भरणा’ असा ठळक मथळा होता, माझा पॅन आणि कर निर्धारण वर्ष आधीच भरलेले होते आणि खाली तीन ओळी होत्या: कर 1,46,000 रुपये, शासकीय सुविधा शुल्क 1.8 टक्क्यांप्रमाणे 2,628 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 473 रुपये. मी रुपे डेबिट कार्डाने पैसे भरले.

चलनाची पावती आली, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. पावतीवर भरण्याचा मार्ग म्हणून ‘नेटबँकिंग’ छापलेले होते, बँक अशी होती की जिच्यात माझे खातेच नाही, आणि भरणा दिनांक होता 18 मार्च. माझ्या खात्याच्या उताऱ्यात मात्र पैसे 13 तारखेलाच या सल्लागारांच्या फर्मच्या नावे गेलेले दिसत होते. म्हणजे माझे पैसे त्यांनी स्वतःच्या खात्यात घेतले, पाच दिवस वापरले आणि मग स्वतःच्या नेटबँकिंगमधून, कोणतेही शुल्क न देता, कर भरला. कर माझ्याच पॅनवर जमा झाला होता, त्यामुळे पावती नीट न पाहणाऱ्याला शंका येण्याचे काहीच कारण नव्हते.

आयकर पोर्टलवरची खरी व्यवस्था अशी आहे. ‘ई-पे टॅक्स’ या सुविधेत अधिकृत बँकेच्या नेटबँकिंगने थेट कर भरल्यास सुविधा शुल्क लागत नाही. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर 1 जानेवारी 2020 पासून असे शुल्क आकारता येत नाही, आणि कर भरण्यासाठी यूपीआयची मर्यादा सप्टेंबर 2024 पासून 5 लाख रुपये झालेली आहे, फक्त आपल्या बँकेने ती लागू केली आहे का हे पाहावे लागते. क्रेडिट कार्डावर मात्र पेमेंट गेटवे (पैसे पुढे पोहोचवणारी मध्यस्थ सेवा) शुल्क घेतो, त्यावर जीएसटीही लागतो, आणि निवडलेल्या गेटवेनुसार दर बदलत असल्याने पैसे भरण्यापूर्वी ते पडताळून पाहता येतात. हे शुल्क कराव्यतिरिक्त असते व आयकर विभागाकडे जात नाही, म्हणून चलनावर कर, अधिभार, उपकर, व्याज, दंड अशा रकमा दिसतात, पण सुविधा शुल्काचा रकाना नसतो. ‘शासकीय सुविधा शुल्क’ हा शब्दप्रयोगच त्यामुळे खोटा होता.

मी जाब विचारला, तेव्हा आधी ‘सर्व्हरचा खर्च’, मग ‘बँकेचा नियम’ अशी उत्तरे मिळाली. सल्ल्याची फी त्यांनी उघडपणे वाढवली असती तर मी ती दिली असती. सरकारचे नाव पुढे करून पैसे घेणे ही मात्र सरळ लबाडी आहे, आणि ती विश्वासाने कागदपत्रे सोपवणाऱ्या माणसाशी केलेली असल्याने मला जास्त लागली. शेवटी मी वाद थांबवून त्या 473 रुपयांच्या जीएसटीचे नोंदणी क्रमांकासह बिल लेखी मागितले. नोंदणीच नसल्यामुळे बिल देणे त्यांना शक्य नव्हते, आणि नोंदणी नसताना जीएसटी वसूल करणे बेकायदा आहे. दुसऱ्याच दिवशी 3,101 रुपये माझ्या खात्यात परत आले.

खरे नुकसान वेगळेच होते. 15 मार्चची मुदत उलटल्याने या हप्त्यावर 1 टक्का, म्हणजे 1,460 रुपये व्याज मला विवरणपत्राबरोबर भरावे लागले. ते देण्यास सल्लागारांनी नकार दिला.

ज्यांचा कर दुसरे कोणी भरते, त्यांनी जुनी चलने आजच काढून बँकेचे नाव, भरण्याचा मार्ग आणि भरणा दिनांक आपल्या खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहावेत. सल्लागाराकडून चलन तयार करून घ्यायला हरकत नाही, पण पैसे पोर्टलवर स्वतः जाऊन, स्वतःच्या खात्यातून भरावेत. पैसे स्वीकारणाऱ्याच्या जागी एखाद्या व्यक्तीचे किंवा फर्मचे नाव दिसले, तर तेथेच थांबावे. लिंक पाठवणारा अनोळखी असेल आणि पैसे गेलेच असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पोर्टलवरील आपल्या प्रोफाइलमध्ये कोणाचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल आहे, हेही पाहावे. माझ्या प्रोफाइलमध्ये दोन्ही सल्लागारांचेच होते, आणि त्यामुळे चलनाचा एकही संदेश माझ्यापर्यंत पोहोचत नव्हता.