किल्डेअर की कॉर्क? आयर्लंडमध्ये घर करताना

लेक्सलिपच्या चिप कारखान्यात नोकरी लागली की किल्डेअर, रिंगास्किडीच्या औषध कंपन्यांत लागली की कॉर्क, असं आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं आपोआप ठरून जातं. पण आता आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम चालतं आणि निवड खरोखरच हातात असलेले लोक वाढलेत. गेल्या वर्षभरात तिघांनी मला फोन करून हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. भाडी, शाळा, विमानतळ किती लांब, हे सगळं तुम्ही पाहिलं असणारच, त्यात मी शिरत नाही. 2020 च्या सुरुवातीपासून साडेतीन वर्षं मी उत्तर किल्डेअरमध्ये मेनूथजवळ राहिलो, 2023 च्या उन्हाळ्यापासून कॉर्कला आहे. दोन्हीकडे आपलं घर आहे असं कितपत वाटलं, तेवढंच सांगतो.

काउंटी म्हणजे जिल्हा, असं म्हणून आपण पुढे जातो. कागदावर ते बरोबरच आहे. या सीमा इंग्रजी सत्तेने कारभारासाठी आखल्या, त्यातली शेवटची विकलो काउंटी 1606 मध्ये झाली. पण 1884 मध्ये थर्ल्स गावात जीएए ही खेळसंघटना स्थापन झाली आणि तिने स्पर्धा काउंटीवार बांधल्यावर या रेघांमध्ये जीव आला, असं मला वाटतं. आजही खेळाडूला पगार नाही. तो आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या गाव-वस्तीच्या, क्लबकडून खेळतो आणि त्यातून काउंटीच्या संघात जातो. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं ऐकत आम्ही वाढलो. आमच्याकडे फुटबॉलचा संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची असते.

गाडीच्या नंबरपाटीवरही काउंटी असते. किल्डेअरची केई, कॉर्कची सी, मेयोची एमओ. ही पद्धत 1987 पासूनची. गाडी दुसऱ्या काउंटीत विकली तरी नंबर बदलत नाही, त्यामुळे माझी जुनी गाडी आजही कॉर्कमध्ये केई पाटी घेऊन फिरते आणि पेट्रोल पंपावर कुणीतरी विचारतंच, ‘किल्डेअरहून आलात का?’

आधी किल्डेअर. नव्याने देशात आलेल्या कुटुंबाला तिथे फार सोपं जातं, हे मी मनापासून सांगतो. आमच्या वसाहतीत जवळपास प्रत्येक जण बाहेरून आलेला होता. तीन घरं मेयोची, दोन गॉलवेची, एक डोनेगलचं, समोर पोलिश जोडपं, कोपऱ्यावर केरळचे दोघे नर्स नवरा-बायको. कुणीच मूळचं नाही, म्हणून कुणीच उपरं नाही. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याने गवत कापायचं मशीन स्वतःहून आणून दिलं. डब्लिनला गाडीने झटकन जाता येतं, गणपतीचा मोठा कार्यक्रम चुकत नाही, हरभरा डाळ आणि कढीपत्ता घ्यायला फार लांब जावं लागत नाही. रॉयल कॅनॉलच्या काठाने मेनूथपासून पश्चिमेला 130 किलोमीटरची पायवाट आहे. माझ्या बायकोला आजही त्या वाटेची आठवण येते.

किल्डेअरला स्वतःची ओळख नाही असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. न्यूब्रिजच्या एका सहकाऱ्याने मला 2018 ची गोष्ट सांगितली होती. गेलिक फुटबॉल या इथल्या खेळाच्या सामन्यात मेयोविरुद्ध किल्डेअरला घरचं मैदान मिळायला हवं होतं. न्यूब्रिजचं मैदान लहान, गर्दी मावणार नाही, म्हणून जीएएने सामना डब्लिनच्या क्रोक पार्कला हलवला. किल्डेअरने सांगितलं, ‘न्यूब्रिज, नाहीतर कुठेच नाही.’ बाद होण्याची वेळ आली तरी ते मागे हटले नाहीत. शेवटी जीएएला माघार घ्यावी लागली, सामना न्यूब्रिजलाच झाला आणि किल्डेअरने तो 21 विरुद्ध 19 गुणांनी जिंकला. हे सांगताना त्या माणसाचे डोळे भरून आले होते. कर्राच्या माळावर पहाटे घोडे पळवणारे लोक, न्यूब्रिज आणि अथायच्या जुन्या वस्त्या, तिथला किल्डेअर खोलवर रुजलेला आहे. त्या भागात घर मिळत असेल तर माझं पुढचं म्हणणं तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. मी बोलतोय ते उत्तरेकडच्या, मोटरवेला लागून उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींबद्दल. आणि आपल्यातले बहुतेक जण घर बघतात ते तिथेच.

तिथली मला सलणारी गोष्ट एकच होती. शुक्रवारची संध्याकाळ.

साडेपाच-सहा वाजले की गाड्यांच्या डिक्या उघडायच्या. मुलांच्या पिशव्या, कुत्रा, गमबूट. ‘वी आर गोइंग होम फॉर द वीकेंड.’ बारा-पंधरा वर्षं त्याच घरात राहणारी, तिथेच मुलं झालेली माणसं हे म्हणायची आणि एम-4 मोटरवे धरून पश्चिमेला निघून जायची. आयरिश बोलण्यात ‘होम’ म्हणजे आई-वडील राहतात ते घर, गावाकडचं शेत, लहानपणीचा क्लब. हे मला कळत नव्हतं असं नाही. मुंबईत तीस वर्षं काढून ‘घर कोकणात’ म्हणणारे चाकरमानी आपणही पाहिलेत. लिओ वराडकर तर डब्लिनमध्येच जन्मले, वाढले. तरीही आयर्लंडचे पंतप्रधान असताना 2019 च्या डिसेंबरमध्ये ते मालवणजवळच्या वराडला, वडिलांच्या गावी गेले. माझ्या आयरिश शेजाऱ्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. ‘गेलाच पाहिजे, होम प्लेस आहे ना,’ एवढंच ते म्हणाले होते.

पण कळणं आणि त्याबरोबर राहणं वेगळं. शनिवारी सकाळी मुलीला घेऊन हिरवळीवर जावं तर सायकली आडव्या पडलेल्या आणि मुलं नाहीत. ज्यांच्याशी पाच दिवस घाईघाईत ‘हाय’ व्हायचं, त्यांच्याशी निवांत बोलायला मिळतील असे दोनच दिवस, आणि नेमके तेव्हा ते दुसऱ्या काउंटीत. मेयोचा सामना असला की खिडकीत हिरवे-लाल झेंडे लागायचे. किल्डेअरचा पांढरा झेंडा आमच्या रस्त्यावर मी पाहिल्याचं आठवत नाही.

अपवाद एकदाच आला. 7 ऑगस्ट 2020 ला किल्डेअर, लीश आणि ऑफली या तीन काउंट्यांवर करोनाचे वेगळे निर्बंध लागले. कामासारखं कारण नसेल तर काउंटी ओलांडायची नाही. किल्डेअरचे निर्बंध महिना संपेपर्यंत राहिले. सगळे हवालदिल झाले होते, म्हाताऱ्या आई-वडिलांना भेटता येत नाही म्हणून शेजारीण रडलेली मी पाहिली. तरी माझ्या मुलीची किल्डेअरमधली सर्वांत चांगली आठवण त्याच तीन आठवड्यांची आहे. रोज संध्याकाळी हिरवळीवर वीस मुलं असायची. त्या महिन्यात पहिल्यांदा आमची वसाहत मला गावासारखी दिसली. सप्टेंबरचा पहिला शुक्रवार आला आणि डिक्या पुन्हा उघडल्या.

निर्णय झाला तो 2023 च्या फेब्रुवारीत. त्या वर्षीपासून संत ब्रिजिडच्या नावाने नवी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, सुरू झाली. ब्रिजिड म्हणजे किल्डेअरचीच संत, तिचा मठ किल्डेअर गावातला. त्या शनिवारी मुलीचा सातवा वाढदिवस होता. बायकोने आदल्या रात्रीपासून खपून केक केला, कटलेट केले. अकरा मुलांना बोलावलं होतं, आली तीन. पोलिश मुलगा आणि केरळच्या दोघी. बाकीचे ‘होम’ गेले होते. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, सगळ्यांनी आधी कळवलंही होतं. पण किल्डेअरच्या संताच्या सुट्टीला किल्डेअरमधला आमचा रस्ता ओस पडलेला बघून मी बायकोला म्हटलं, ज्या गावातली माणसं सुट्टीला गावातच थांबतात अशा ठिकाणी जाऊ. ती लगेच हो म्हणाली नाही. किल्डेअरमध्ये तिच्या मैत्रिणी होत्या आणि त्या तुटणार हे तिला दिसत होतं. हा तोटा खरा आहे, तुम्हीही तो धरा.

आता कॉर्क. आधी त्याच्या अडचणी सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं वाटायला नको.

इथे तुम्ही बाहेरचे आहात हे कुणी लपवत नाही. ‘ब्लो-इन’ म्हणजे वाऱ्यावर उडून आलेला, हा शब्द इथे सहज वापरला जातो. शेजारचे गृहस्थ केरीहून लग्न करून आले त्याला सव्वीस वर्षं झाली, तेही ब्लो-इनच. आपल्या सणांना माणसं कमी जमतात. कॉर्कची बोली चढउतारांची, पहिले दोन महिने मला फोनवर निम्मं समजत नव्हतं. आणि पाणी. कॉर्क या नावाचा मूळ अर्थच दलदल, ली नदीच्या दोन फाट्यांमध्ये शहर वसलं आहे. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये शहरात पूर आला होता, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मिडलटन गाव पाण्याखाली गेलं. घर बघताना पुराचा इतिहास विचारा, नाहीतर विम्याला अडचण येते. पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आम्ही ‘2019 ला पाणी कुठवर आलं होतं?’ विचारतो, इथले लोक 2009 बद्दल तसंच भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

मात्र इथे माणसं घरीच असतात. शुक्रवारी डिक्या उघडत नाहीत, कारण आजी-आजोबा तीन रस्ते पलीकडे राहतात. शनिवारी सकाळी क्लबच्या मैदानावर सगळे जमतात, आमचीही मुलगी हर्ली, म्हणजे हर्लिंग या इथल्या खेळाची काठी, घेऊन तिथे असते. कॉर्कच्या लोकांना आपलं शहर हीच खरी राजधानी वाटते आणि हे ते अगदी मनापासून म्हणतात. चहा बॅरीजचाच, तो 1901 पासून इथला. स्टाउट ही काळी बिअर मागायची तर मर्फीज किंवा बीमिश. इंग्लिश मार्केट 1788 पासून भरतंय. तिथे अजूनही ट्राइप आणि ड्रिशीन मिळतं, म्हणजे आपली वजडी आणि रक्ताचं सॉसेज. कोल्हापुरात रक्ती-मुंडी खाऊन वाढलेल्या माणसाला त्या गाळ्यासमोर उभं राहिल्यावर काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा. काउंटीचा रंग तांबडा-पांढरा. वाक्याच्या शेवटी सगळे ‘बॉय’ लावतात, अगदी आपल्या ‘भावा’सारखं.

पण मला कॉर्क आपलं वाटलं ते यातल्या कशाने नाही. पहिल्या महिन्यात कुंपणापलीकडच्या आजींनी विचारलं, ‘कुठले तुम्ही?’ मी ‘इंडिया’ म्हटलं. किल्डेअरमध्ये या उत्तरानंतर ‘अरे वा, तिकडे ऊन छान असतं’ असं कुणीतरी प्रेमाने म्हणायचं आणि बोलणं संपायचं. आजी म्हणाल्या, ‘हो, पण इंडियात कुठे?’ कोल्हापूर. ‘कोल्हापुरात कुठे?’ मी चकित होऊन ‘शिवाजी पेठ’ म्हटलं. तर त्यांचा पुढचा प्रश्न, ‘मग तुमच्या हाडवैऱ्यांची पेठ कुठली?’ चार वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या पेठेचं नाव हवं होतं. ज्याला स्वतःच्या पॅरिशचा अभिमान आहे तोच समोरच्याला पेठ विचारतो, असा माझा अनुभव आहे. सगळीकडे असंच असेल असा दावा मी करणार नाही.

21 जुलै 2024 ला हर्लिंगच्या फायनलमध्ये कॉर्क क्लेअरकडून जादा वेळेत एका गुणाने हरलं. 2005 नंतर विजेतेपद मिळालं नव्हतं, तेव्हापासूनची वाट होती. आमच्या रस्त्यावर प्रत्येक घरावर तांबडा झेंडा होता, आमच्याही. सामना संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आजींनी कुंपणावरून चहाची किटली दिली. पुढच्या वर्षी टिपररीकडून पंधरा गुणांनी हरलो, तेव्हाही सगळे त्याच रस्त्यावर होते. ‘हरलो’ हा शब्द मी कधी वापरायला लागलो ते मला आठवत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. गावाबाहेर जमीन घेऊन बांधायचा विचार असेल तर दोन्ही काउंट्यांत, स्थानिक गरज सिद्ध करावी लागते अशा भागात, परवानगी मिळणं बाहेरच्याला फार अवघड, तेव्हा तो विचार सध्या सोडा. आणि स्थानिक निवडणुकीत आयरिश नागरिकत्व नसलं तरी मतदान करता येतं, कुठेही गेलात तरी नाव नोंदवा.

देशात नवे असाल, मुलं लहान असतील, आपली माणसं हाकेच्या अंतरावर हवी असतील, तर किल्डेअरने सुरुवात करण्यात काही चूक नाही, आम्हीही तेच केलं. दहा-वीस वर्षं राहायचं मनात असेल, तर माझा कल कॉर्ककडे आहे. कुठेही घर बघायला गेलात तरी एजंट देईल त्या वेळेवर समाधान मानू नका. बँक हॉलिडेच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता एकदा स्वतः जाऊन वसाहतीत उभ्या असलेल्या गाड्या मोजा.