मलावीला मिशनसाठी ग्रुप गेला, शाहूपुरीतल्या ट्रॅव्हलवाल्यांचा अनुभव

कोल्हापुरातनं दुबई, थायलंड, युरोपचे ग्रुप कायम सुटतात आणि त्यासाठी एजंट पण ढिगानं आहेत, पण आमचा ग्रुप जरा वेगळा होता. चौदा जण आफ्रिकेत मलावीला जाणार, त्यातले पाच जण तिथंच राहून काम सुरू करणार (शिवणकामाचा वर्ग, लहान मुलांची शाळा आणि मिरजेत शिकलेल्या दोन नर्स भगिनी तिथल्या चर्चच्या मंडळीबरोबर आरोग्याचं काम बघणार) आणि बाकीचे आम्ही त्यांना नीट बसवून देऊन परत येणार. तिथल्या चर्चनं रीतसर बोलावलेलं, त्यामुळं कुठं आणि कशाला जायचं ते ठरलेलं होतं, घोडं अडलं होतं ते नेणार कोण यावर.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली. तिथं उत्तर मिळालं की टुरिस्ट म्हणून जावा की, तिथं कोण विचारतंय. आमच्या पाळकसाहेबांनी (चर्चचे धर्मगुरू) तिथनं सरळ फाईल उचलली आणि बाहेर आले.

मग शाहूपुरीत, स्टेशनपासनं चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या या ऑफिसात गेलो. मालकांना सगळे काकाच म्हणतात. काकांनी रेट सांगायच्या आधी एक कोरा कागद घेतला, मधे उभी रेघ मारली आणि विचारलं, राहणार कोण आणि परत येणार कोण, नावं सांगा. दोन्ही बाजूला नावं लिहून झाल्यावर म्हणाले, "साहेब, ह्या पाच जणांचं प्रकरण वेगळं आणि ह्या नऊ जणांचं वेगळं. चर्चचं काम करायला चाललाय तर फॉर्मवर तसंच लिहायचं. फिरायला चाललोय असं लिहून मी भरणार नाही, उशीर झाला तरी चालंल." तिथंच आमचं ठरलं. काका स्वतः माळकरी आहेत, टेबलामागं विठ्ठलाचा फोटो आहे, पण आमच्या कामाबद्दल त्यांनी जेवढ्या आदरानं विचारलं तेवढं आपल्यातले पण कधी कधी विचारत नाहीत.

परवानगीचा विषय आम्हाला इतका का लागतो त्याला कारण आहे. आपल्याकडं मराठीत सुवार्ता (येशूचा संदेश) घेऊन आलेला पहिला अमेरिकन मिशनरी ग्रुप नेमका ह्याच्यावरच अडकलेला. 19 फेब्रुवारी 1812 ला सेलम बंदरातनं कॅरॅव्हॅन जहाजातनं जडसन आणि न्यूवेल जोडपी निघाली, हॉल, नॉट पतीपत्नी आणि राइस फिलाडेल्फियाहून हार्मनी जहाजानं आले. चार महिने समुद्रात काढून कॅरॅव्हॅन 17 जूनला कलकत्त्याला लागलं आणि ईस्ट इंडिया कंपनीनं सांगितलं, माघारी जा. हॅरिएट न्यूवेल तर त्या फरफटीत मॉरिशसला वारल्या, वय फक्त 19, काम सुरू व्हायच्या आधीच. हॉल आणि नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत पोचले तर तिथंही परत पाठवायचा हुकूम, गव्हर्नर नेपियनकडं अर्जावर अर्ज करत राहिले तेव्हा कुठं राहता आलं. त्याच मिशननं पुढं मुंबईत मराठी शाळा काढल्या, नगरला काम उभं केलं, आणि त्याच मिशनमधनं रॉयल वायल्डर 1852 ला आपल्या कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्चवरनं रोज गाडी घालणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 ला इथंच कोल्हापुरात जन्मला आणि त्यानं पुढं अमेरिकेत कॉलेजची हजारो पोरं मिशनला निघावीत म्हणून चळवळ उभी केली. ज्या गावात बाहेरनं माणसं आली त्या गावातनं आता आपली माणसं बाहेर चाललीत, मग कागद स्वच्छच पाहिजेत की नाही!

आता कामाचं. तिथल्या चर्चचं निमंत्रणपत्र, त्यांच्या नोंदणीची कॉपी, राहण्याची सोय कुणाकडं, खर्च कोण करणार, हे सगळं काकांच्या ऑफिसातल्या ताईंनी मागवून घेतलं. पत्रात एका भगिनीचं नाव पासपोर्टपेक्षा वेगळं पडलेलं, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, ताईंनी पकडलं आणि पत्र परत मागवलं. यलो फिव्हरची लस सगळ्यांना घ्यायला लावली कारण विमान अदिस अबाबाला बदलायचं आणि इथिओपिया ह्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. लस घेतल्यावर 10 दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, नंतर आयुष्यभर चालतं, आणि नसेल तर परत येताना भारतात 6 दिवसांपर्यंत बाजूला ठेवू शकतात. आमच्यात साठीच्या पुढचे दोघं होते त्यांना आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या म्हणून बजावलं. नर्स भगिनींना औषधांची खोकी न्यायची होती, त्याला पण नको म्हणाले, दानाची औषधं न्यायची तर त्या देशाची परवानगी लागते, तिथं जाऊन घ्या. मलावीचा क्वाचा इथं मिळत नाही, डॉलर न्यायचे, ते पण नव्या, न दुमडलेल्या नोटा.

सगळ्यात भारी वाटलं ते सामानाचं. निघायच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांना बॅगा घेऊन ऑफिसात बोलावलं आणि दाराच्या चौकटीला हुकवाला काटा लावून एकेक बॅग उचलून बघितली. माणशी 23 किलोच्या दोन बॅगा. आमच्या मावशींच्या बॅगेत कांदा लसूण चटणीचे डबे, कुकर, भडंग आणि तळाला गीतांची पुस्तकं, काटा 28 वर! काकांनी पुस्तकं काढून ज्यांच्या बॅगा हलक्या होत्या त्यांच्यात वाटली, चटणी डब्यातनं काढून डबल पिशवीत सील करून आणायला लावली, पॉवर बँक हातातल्या बॅगेत टाकली. मुंबई एअरपोर्टवर आमची एक पण बॅग उघडायला लागली नाही, शेजारच्या लाईनीत लोक जमिनीवर बॅगा उलट्या करून बसलेले.

मुंबईपर्यंत टेम्पो ट्रॅव्हलर त्यांनीच दिला, ड्रायव्हर चांगला होता, निघताना आम्ही प्रार्थना केली तेव्हा गाडी बंद करून टोपी काढून उभा राहिला.

तक्रारी पण सांगतो. आधी पंधरा नावं होती, एक बंधू आजारपणामुळं गळले, त्यांचे पैसे परत यायला फार वेळ लागला आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात बघू हेच उत्तर. दहाच्या वर माणसं असली की ग्रुपचं तिकीट स्वस्त पडतं, पण त्यात एक नाव गळलं तर नियम वेगळे असतात हे पैसे भरतानाच सांगायला पाहिजे होतं. दुसरं, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना शुगर आहे, त्यांचं जेवण आधी सांगूनही तिकिटात टाकलंच नव्हतं, मावशींच्या डब्यातल्या भाकरीवर भागलं. सीटा पण विखुरलेल्या मिळाल्या. हे सगळं तोंडावर सांगितलंय, जेवणाबद्दल ताईंनी माफी मागितली.

पोचल्यावर मलावीतल्या ब्लांटायर शहरात चर्चची माणसं गाणी म्हणत घ्यायला आलेली. तिथलं सेंट मायकल चर्च बघितलं, 1891 ला पूर्ण झालेलं, डेव्हिड स्कॉट नावाच्या मिशनरीनं स्थापत्याचं काही शिक्षण नसताना स्थानिक लोकांना घेऊन विटांचं उभं केलं, मान वर करून बघतच राहिलो. 1875 ला त्या देशात आलेल्या स्कॉटिश ग्रुपनं तर इलाला नावाची आगबोट सुटे भाग करून आणली होती, शिरे नदीवरच्या धबधब्यांपाशी शेकडो हमालांनी ते भाग डोक्याखांद्यावर वाहून पलीकडं नेले आणि वर परत जोडून ती मलावीच्या मोठ्या तळ्यावर सोडली. हे तिथल्या पाळकांनी एनसिमा खाता खाता सांगितलं (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, चटणीबरोबर झकास लागतो). आमचे पाचही जण आता तिथं रुळलेत, शिवणवर्ग सुरू झालाय, आणि त्यांच्या परवान्याची मुदतवाढ पण ताईच इथनं बघतायत, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

पाचातले चार स्टार. मंडळीचा ग्रुप न्यायचा असेल तर किमान चार महिने आधी जावा, कोण राहणार आणि कोण परतणार ती यादी पक्की करूनच जावा, आणि पैसे भरायच्या आधी नाव रद्द झालं तर किती आणि कधी परत मिळणार ते कागदावर लिहून घ्या. रविवारी बंद असतं, संध्याकाळी सहानंतर काका निवांत भेटतात.