मेगाफोन चांगला, पण सायरनचं काहीतरी करा : तीन तारे

निर्वासितांना पाठिंबा म्हणून आम्ही शांतता फेरी काढतो, तिच्यासाठी घेतलेला हा 25 वॉटचा मेगाफोन. वर्षभर वापरून मग लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच साच्यातले हे भोंगे अनेक नावांनी विकले जातात, तेव्हा तक्रार साच्याबद्दलच समजा.

बोलायचा खटका आणि सायरनचं बटण यांच्यात जेमतेम बोटभर अंतर आहे. 20 जूनला, जागतिक निर्वासित दिनाच्या फेरीत, मी घाईघाईत 'जरा थांबा' म्हणायला गेले आणि सायरन वाजला. आम्ही कार्यकर्ते दचकलो आणि हसलो. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र मुलाला पोटाशी धरून तिथेच खाली बसली. बॉम्ब पडायच्या आधी वाजणारा भोंगा तिने कित्येक रात्री ऐकलेला. फेरी तिच्यासाठी, आणि घाबरवलं तिलाच. दहा मिनिटं सगळे थांबलो. ती उठली, चाललीही, पण पुढे नाही, पार शेवटी जाऊन. त्या रात्री बटणावर बाटलीचं झाकण उपडं ठेवून चिकटपट्टीने पक्कं केलं. सायरन नसलेलं मॉडेल आहे का, असं विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, सायरन तर फ्री आहे."

आता आवाज. खोक्यावर 'एक किलोमीटर' छापलंय. मोकळ्या मैदानात वारा नसताना जातही असेल, पण रहदारीत चाळीस-पन्नास पावलांपलीकडे शब्द कळत नाहीत, नुसता गलका कळतो. कर्ण्यातून खर्ज निघतच नाही, त्यामुळे भारदस्त आवाजाचा माणूस पत्रा वाजवल्यासारखा ऐकू येतो. एका वकील मित्राने 1951च्या निर्वासित कराराचं 33वं कलम वाचलं. जिवाला किंवा स्वातंत्र्याला जिथे धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडू नये, असं ते सांगतं. त्याने ते कायद्याच्या लांबलचक वाक्यात वाचलं आणि मागच्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. मग एका शाळकरी मुलीने माइक घेतला : "जिथे मारतील तिथे पाठवू नका." हे शेवटच्या रांगेला कळलं.

पैसे वसूल होतात ते सुट्या माइकमुळे. ज्याच्या हातात भोंगा, त्याचाच फोटो निघतो. आश्रयाचा अर्ज अजून लटकलेला असेल, किंवा घरचे तिकडेच अडकलेले असतील, तर त्या माणसाला आपला चेहरा कुठे दिसायला नको असतो. स्प्रिंगसारखी वायर ओढली की दीडेक मीटर जाते. भोंगा मी उंच धरते आणि बोलणारा माझ्या मागे गर्दीत, टोपी खाली ओढून. फोटोत मी, बोल त्याचे. फक्त माइक कर्ण्यासमोर आणू नका, कानठळ्या बसवणारी शिटी येते.

दहा सेकंदांचं रेकॉर्डिंगही आहे. ते मला आधी खेळणं वाटलं होतं. पण 'हळू चाला, मुलांचा हात धरा, कुणी डिवचलं तर उत्तर देऊ नका' हे अरबीत आणि दारी या अफगाणिस्तानातल्या भाषेत निर्वासितांपैकीच कुणाकडून भरून घेतलं, तेव्हापासून घोषणांपेक्षा त्याचाच वापर जास्त. एका वेळी एकच भाषा साठते, दर वळणावर पुन्हा भरावी लागते. वैताग आहे.

सहा मोठे सेल घातले की वजन पाऊण किलोने वाढतं आणि पट्टा खांद्यात रुततो. आणि हो, बऱ्याच ठिकाणी फेरीची परवानगी वेगळी, ध्वनिवर्धकाची वेगळी. आधी विचारा.

आमच्यातला एकजण आता दुप्पट मोठा घेऊ म्हणतोय. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत 13 मे 2021ला केनमुअर स्ट्रीटवर शेजाऱ्यांनी दोन स्थलांतरित माणसांना पकडून न्यायला आलेली इमिग्रेशन खात्याची गाडी कित्येक तास अडवून धरली आणि शेवटी दोघांना सोडावं लागलं, हे त्याला पाठ आहे. मी त्याला तिथली घोषणाच ऐकवली : 'हे आमचे शेजारी आहेत, सोडा त्यांना.' एवढ्याला 25 वॉट पुरतात. सायरन नसलेला निघाला तर मात्र हा देऊन तो घेईन.