एफईसी डॉट जीओव्ही : वहीला पाच स्टार, वही तपासणाऱ्याला दीड

अमेरिकेच्या निवडणुकीवर आपल्याकडं शाहूपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत प्रत्येकाचं ठाम मत असतंय, पण तिथल्या नेत्याला पैसा कुणी दिला आणि त्यानं तो कुठं उडवला हे घरबसल्या फुकटात बघता येतं हे लई कमी जणांना माहीत आहे. साइट सरकारी, फेडरल इलेक्शन कमिशनची. लॉगिन नाय, ओटीपी नाय, काय नाय. मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात हिशोब लिहितो, इथल्या उमेदवारांच्या खर्चाच्या वह्या पण भरून दिल्यात (चहा केवढ्याला, वडापाव केवढ्याला, खुर्चीचं भाडं किती, ह्याचा दरतक्ता निवडणूक कचेरीतनं येतो आणि त्याच दरानं लावायचं), त्यामुळं हा रिव्ह्यू वहीवाल्याच्या नजरेनं लिहिलेला आहे हे धरून चाला.

पहिलं जमेच्या बाजूचं. एखाद्यानं वर्षा-दोन वर्षांत मिळून २०० डॉलरच्या वर देणगी दिली की त्याचं नाव, गाव, पिनकोड, धंदा आणि कुठं नोकरीला आहे हे सगळं पब्लिक. गावाच्या रकान्यात न्यू जर्सीतलं एडिसन टाका, धंद्याच्या रकान्यात डॉक्टर टाका, यादी समोर. आपल्याकडं पक्षाला २० हजार रुपयांपर्यंत कुणी दिले ते सांगायचं बंधन नाय, आणि निवडणूक रोखे तर १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं मोडीत काढेपर्यंत कुणी कुणाला किती दिले हे गुपितच होतं. त्या मानानं हे म्हणजे आरसाच. एका माणसानं एका उमेदवाराला किती द्यायचे त्यालाही मर्यादा आहे, २०२५-२६ साठी एका निवडणुकीला ३,५०० डॉलर, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) वेगळी आणि मुख्य निवडणूक वेगळी, म्हणजे दोन्ही मिळून ७,०००. आपले साधारण सहा लाख. इथवर वाचून वाटतं अरे वा, किती स्वच्छ कारभार.

पण खरी मजा खर्चाच्या बाजूला आहे, मी तर तिथंच रात्र काढतो. जॉर्ज सँटोस नावाचा न्यूयॉर्कचा एक खासदार होता, त्याच्या कॅम्पेनच्या खर्चात बघा, हॉटेल १९९.९९ डॉलर, खाणं १९९.९९ डॉलर, परत १९९.९९, परत १९९.९९. आमच्या लाईनीतल्या कुणालाही हे बघून हसू येणारच, कारण तिथं २०० च्या वरच्या खर्चाला पावती जपून ठेवायला लागते, त्याच्या आत नाय. आपल्याकडं दहा हजाराच्या वरचा रोख खर्च आयकरात धरत नाहीत म्हणून ९,९०० च्या व्हाउचरांची चळत येते ना, अगदी तस्संच. साता समुद्रापलीकडं पण बुद्धी तीच चालते भावा. पुढं त्याच्याच सभागृहाच्या एथिक्स कमिटीनं चौकशी केली तर बोटॉक्स, डिझायनर कपडे असलं सगळं निघालं, डिसेंबर २०२३ मध्ये ३११ विरुद्ध ११४ मतांनी हाकलला, २०२५ मध्ये सात वर्षांच्या वर शिक्षा लागली आणि ऑक्टोबरात ट्रम्पनी ती कमी करून सोडून पण दिला. डंकन हंटर म्हणून कॅलिफोर्नियाचा दुसरा एक, त्याच्या कॅम्पेनच्या पैशातनं पाळीव सशाचं विमानभाडं निघालं. सशाचं! त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला तर २०२० च्या डिसेंबरात ट्रम्पनी थेट माफीच दिली.

आता तक्रारीकडं येतो. पैसा जेवढा लहान तेवढा ह्या वहीत स्वच्छ दिसतो, मोठा झाला की धुकं सुरू. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं सिटिझन्स युनायटेड खटल्यात ५-४ नं निकाल दिला की कंपन्या आणि युनियननी उमेदवाराशी संगनमत न करता प्रचारावर खर्च केला तर तो अडवायचा नाय, त्याच वर्षी खालच्या कोर्टाच्या दुसऱ्या निकालातनं सुपर पॅक जन्माला आले, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या कमिट्या, ज्यांना देणगी कितीही चालते. म्हणजे उमेदवाराच्या हातात ३,५०० च्या वर द्यायचे नाय पण त्याच्या नावानं शेजारच्या टेबलावर कोटी ठेवले तर चालतंय. इलॉन मस्कनी २०२४ ला असे २५ कोटी डॉलरच्या वर घातले, आपले दोन हजार कोटींच्या पुढं, आणि आपल्याकडं आमदारकीच्या उमेदवाराची खर्चाची मर्यादा ४० लाख (ती किती पाळली जाते ह्यावर मी बोलणार नाय, माझं पोट त्यावर आहे). बरं, मस्कचं नाव तरी वहीत दिसतं. लई वेळा देणगीदार म्हणून एखाद्या ‘समाजकल्याण’ संस्थेचं गोड नाव येतं आणि त्या संस्थेला पैसे कुणी दिले ते सांगायचं तिच्यावर बंधन नाय, विषय संपला.

आणि ते ‘संगनमत नाही’ म्हणजे काय, ऐका. उमेदवार आपल्याच वेबसाइटवर एक लाल चौकट टाकतो, त्यात लिहितो की अमक्या भागातल्या मतदारांना तमकं कळायला पाहिजे. फोन नाय, मेल नाय, भेट नाय. सुपर पॅकवाला ती चौकट वाचतो आणि त्याच मजकुराची जाहिरात टीव्हीवर लावतो. कायद्यानं दोघं अनोळखी! आपल्याकडं निदान एका ताटात जेवल्याचं कबूल तरी करतात.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी तात्या येऊन बसतात, सहकारी बँकेतनं रिटायर झालेले, सोसायटीपासून कारखान्यापर्यंत सगळ्या निवडणुका कोळून प्यालेले. त्यांना हे सगळं दाखवलं तर त्यांचा एकच प्रश्न, “मतदाराला काय मिळतं रे ह्यात?” म्हटलं तात्या, तिथं मतासाठी पैसे दिले तर गुन्हा आहे. मग त्यांना मस्कच्या पॅकचं सांगितलं, २०२४ ला चुरशीच्या राज्यांत नोंदणी केलेल्या मतदारानं एका अर्जावर सही करायची आणि रोज एकाला दहा लाख डॉलर. फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलानं ही बेकायदा लॉटरी म्हणून खटला भरला, तर मस्कच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की ही लॉटरीच नव्हे, माणसं आधीच निवडलेली असतात, ते आमचे प्रवक्ते आहेत. कोर्टानं योजना थांबवली नाय. आणि पॅकच्या खर्चात हे दहा-दहा लाख ‘प्रवक्ता सल्लागार’ म्हणून लावलेले. तात्या चष्मा काढून म्हणाले, “लक्ष्मीदर्शनाला व्हाउचर! आमच्या टायमाला हे सुचलं नाय बघ.”

पैसा ओतला की सीट येतेच असं पण नाय हं. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश ब्लूमबर्गनी २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत स्वतःचे शंभर कोटी डॉलरच्या आसपास घातले आणि जिंकलं काय तर अमेरिकन सामोआ, समुद्रातली चिमुकली बेटं. २०२५ च्या एप्रिलात विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी (हो, तिथं न्यायाधीश निवडून येतात) मस्कनी जोर लावलेला माणूस पडला.

मग पैसा कामाला कुठं येतो? माझं मत, मतदारापेक्षा सभागृहात. खासदाराच्या खात्याची खर्चाची बाजू उघडा, त्यात पक्षाच्या कमिटीला दिलेल्या मोठमोठ्या रकमा दिसतील. ह्याला तिथं पक्षाची वर्गणी म्हणतात, वजनदार कमिटीचं अध्यक्षपद पाहिजे तर वर्गणी जास्त. ती गोळा करायला दोन्ही पक्षांचे खासदार रस्ता ओलांडून पक्षाच्या ऑफिसात फोनवर बसतात, कारण संसदेच्या ऑफिसातनं पैसे मागायला बंदी. आणि ज्याची सीट मतदारसंघाच्या नकाशानंच (म्हणजे हद्दी पक्षाच्या सोयीनं आखून) पक्की केलेली आहे त्याला स्वतःवर खर्च करायची गरज नाय, तो जमलेला पैसा चुरशीत अडकलेल्या सहकाऱ्यांना वाटतो आणि नेतेपदाला त्यांचा पाठिंबा मिळवतो. म्हणून नकाशासाठी एवढी मारामारी, २०२५ मध्ये टेक्सासनं रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढतील असा नवीन नकाशा केला तर कॅलिफोर्नियानं लोकमत घेऊन डेमोक्रॅटांच्या बाजूनं उलटा डाव टाकला. ह्यातलं नकाशाचं काही ह्या साइटवर मिळत नाय, नुसते आकडे मिळतात, जोडून तुम्हीच बघायचं.

दीड स्टार कुणाला ते राहिलं. कमिशनवर सहा सदस्य, एका पक्षाचे तीनच्या वर नाय, आणि कुठलीही कारवाई करायला चार मतं लागतात. तीन-तीन झालं की फाईल कपाटात. त्यात सदस्य नेमायचे राष्ट्राध्यक्षांनी आणि मंजूर करायचे सिनेटनं, म्हणजे ज्यांची वही तपासायची त्यांनीच तपासनीस नेमायचा. २०१९ ला कोरम गेला, २०२० ला परत गेला, २०२५ च्या एप्रिलअखेर परत गेला आणि महिनोन् महिने चार माणसं पण नव्हती. तरी साइट चालूच, रिपोर्ट येतच होते. कुणी १९९.९९ लावला तर तुम्हाला-मला दिसणार, दंड मात्र कोण करणार नाय.

एमपीएससी-यूपीएससीवाल्या पोरांनी जरूर बघा, लॅपटॉपवर बघा, रकाने लई आहेत. उमेदवारांचे तिमाही रिपोर्ट निवडणुकीच्या वर्षात १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबरला येतात, मग ३१ जानेवारीला. आणि तालमी-मंडळवाल्यांनो, तिथल्या मराठी देणगीदारांची यादी काढून गणपतीची वर्गणी मागायचा विचार मनात आला असेल तर सोडा. त्या यादीवरनं पैसे मागायला किंवा धंदा करायला कायद्यानं बंदी आहे, आणि कोण चोरतंय ते पकडायला प्रत्येक रिपोर्टात दहापर्यंत खोटी नावं घुसडायची कमिट्यांना परवानगी आहे.