संगणक देखभाल सेवा, रत्नागिरी : एका कॅनिंग कारखान्याचा अभिप्राय

आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यातील सर्व्हर, बिलिंग आणि पल्पच्या बॅचनिहाय नोंदी सांभाळण्याचे वार्षिक कंत्राट रत्नागिरीतील एका लहान संस्थेकडे आहे. कोणता अधिकार कोणाच्या हाती आहे याचा चोख हिशेब ठेवणारी माणसे या धंद्यात विरळाच. यांच्या प्रत्येक तंत्रज्ञाचे लॉगिन वेगळे असते, यंत्रणेचा संपूर्ण ताबा देणारा अ‍ॅडमिन पासवर्ड मोहोरबंद पाकिटात आमच्या तिजोरीत राहतो आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर असते. ऐन मे महिन्यात त्यांचा एक तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याचे लॉगिन बंद करून सर्व पासवर्ड बदलल्याचे लेखी पत्र त्याच दुपारी आमच्या हाती आले.

ही दक्षता अनाठायी नाही. ऑस्ट्रेलियातील मरूची येथे २००० साली, सांडपाण्याची नियंत्रण यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदार कंपनीचा माजी कर्मचारी व्हिटेक बोडेन याला स्थानिक परिषदेने नोकरी नाकारली, तेव्हा त्याने लॅपटॉप व रेडिओच्या साह्याने पंपांवर ताबा मिळवून सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत आणि ओढ्यांत सोडले. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ते सारे नासधूस झाल्यानंतर.

माझी खरी हरकत या संस्थेवर नाही, व्यवस्थेवर आहे. आमच्या बॉयलरपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र असावे लागते. सर्व्हरचा संपूर्ण ताबा असलेल्याला मात्र कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे एका ठिकाणी घात करून निघालेला मनुष्य चिपळूण किंवा कणकवलीत नव्याने काम धरू शकतो. संस्थेच्या मालकांनी कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीची कागदपत्रे दाखवली खरी, परंतु अब्रूपायी अनेक कारखानदार पोलिसांत जातच नाहीत, मग पडताळणीत सापडणार काय? सरसकट प्रत्येक प्रोग्रामरला परवाना लावणे मला मान्य नाही, कारण त्याने होतकरू मुलांचे खेटे तेवढे वाढतील. अ‍ॅडमिन अधिकार बाळगणाऱ्यांपुरती, गैरवर्तन सिद्ध झाल्यास रद्द होणारी नोंदणी मात्र हवी.

दर वाजवी आहेत. जूनमध्ये वीज गेली की त्यांचा माणूस येईपर्यंत अख्खा दिवस जातो, ही तक्रार कायम आहे. तरीही कंत्राटाचे नूतनीकरण केले असून, बॅकअप पुसण्याचा अधिकार एकट्या कोणाकडे, अगदी त्यांच्या मालकांकडेही, राहू नये ही नवी अट त्यांनी कुरकुर न करता मान्य केली.