लिफ्ट बंद, बिलाला चार तास, तरी पाच स्टार

वहिनीची डिलिव्हरी झाली त्या नर्सिंग होमबद्दल लिहितेय, नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत. त्या आधी सांगून टाकते. लिफ्ट बंद, कळा सुरू असताना वहिनीला दोन जिने चढवले, डिस्चार्जच्या दिवशी बिल बनवायला चार तास, पार्किंगचं तर विचारूच नका.

पाच स्टार आहेत ते लेबर रूममधल्या सिस्टरना.

बाळ झालं, नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबल्या (डब्ल्यूएचओ पण निदान एक मिनिट थांबा म्हणतं), मग क्लॅम्प हातात घेतला आणि वहिनी सांगते तिथेच त्यांचा हात अडला. एरवी बेंबीपासून दोन बोटांवर लावून मोकळे होतात, पण इथे नाळ बुडाशी जाड होती. चिमटीत धरून चाचपली आणि म्हणाल्या, "मॅडम, बुडाशी फुगीर लागतंय, जरा बघता का?" मॅडमनी टॉर्च लावून बघितलं आणि क्लॅम्प चांगला चार-पाच बोटं पुढे लावायला सांगितला. आमची आई बाळ बघून कुरकुरली पण, एवढी लांब नाळ कोण ठेवतं म्हणे!

त्या फुगीर भागात आतड्याचा वेढा होता. पोटात असताना बाळाचं आतडं काही आठवडे नाळेतच वाढतं आणि बाराव्या आठवड्यापर्यंत परत पोटात जातं, कधीतरी थोडं बाहेर राहून जातं. लहान मुलांच्या सर्जननी केस पेपरच्या मागे चित्र काढून समजावलं, साधारण 5000 बाळांत एखादं असं निघतं म्हणाले. मी जरा चिडूनच विचारलं की सोनोग्राफीत का नाही दिसलं, तर एवढंसं असेल तर सुटतं म्हणे.

तो प्लास्टिकचा क्लॅम्प बघितलाय का कधी, काही रुपयांना मिळतो, दात असतात, एकदा टक् करून बसला की उघडत नाही, कापूनच काढावा लागतो. तो आतड्यावर बसला असता तर तेवढं आतडं चिरडलं असतं, मग पोट फुगणं, हिरव्या उलट्या, कधीकधी बेंबीतून शी, आणि खराब झालेला तुकडा काढून आतडं जोडायचं मोठं ऑपरेशन. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी छोटं ऑपरेशन झालं, वेढा आत ढकलून टाके घातले, बस. आता बाळ नुसतं दूध पितं आणि रात्रभर आम्हाला जागवतं.

महिन्याने पेढे घेऊन गेलो तर सिस्टरनी पुडा न बघताच टेबलावर ठेवला आणि आधी दुपटं बाजूला करून बेंबी बघितली. "छान भरलीय," एवढंच म्हणाल्या आणि आत कोणीतरी ओरडत होतं तिकडे पळाल्या.

लिफ्ट अजून बंदच आहे.